सा खाली घेतला तो उन्हाळा

काल सायकलवरून उतरताना कुर्त्याचा मागचा भाग सीटला चिकटून राहिला आणि मी भर रस्त्यात एकटीच हसले. आली म्हणायची लिंडन! एर्लांगेनला येऊन मला बावीस वर्षं झाली. इथले लोक ऋतू कॅलेंडरमध्ये बघतात, मी सायकलच्या सीटवर बघते. जून निम्मा सरला की रस्त्याकडेची लिंडनची झाडं फुलतात, सगळीकडे गोडसर वास सुटतो आणि त्या झाडांवरून काहीतरी चिकट, बारीक बारीक गळत राहतं. बाकं, गाड्यांच्या काचा, सायकली, सगळं पाकात बोटं बुडवून लावल्यासारखं होतं. आमचे हे दरवर्षी वैतागतात, ओलं फडकं घेऊन गाडी पुसत बसतात. मला तो चिकटपणा आवडतो. तीन वर्षांपूर्वीच्या एका उन्हाळ्यापासून आवडतो.

त्या उन्हाळ्यात मी गळ्यात पेटी अडकवून गे लोकांच्या मिरवणुकीत चालले. आज हे वाक्य सरळ लिहितेय. त्याआधी, पहिल्यांदा चालले त्या वर्षी, आईला फोनवर सांगताना मात्र 'इथं एक कार्यक्रम होता' एवढ्यावरच भागवलं होतं.

मी त्या बँडमध्ये गेले ती पंक्चरमुळे. आमच्या भागात एक सायकलचं वर्कशॉप आहे. टायर काढून दिला आणि वाट बघत उभी होते, तर मागच्या खोलीतून वाजवल्याचा आवाज. ट्रम्पेट, क्लॅरिनेट, बँजो आणि एक मोठा ढोल. डोकावले. कोपऱ्यात पायांनी भाता मारायची जुनी जर्मन पेटी धूळ खात पडली होती. बँजोवाली बाई, उटे, आमची म्होरकी, निवृत्त गणिताची शिक्षिका, तिनं विचारलं, "वाजवता येते?" म्हटलं, "येते, पण तुमची ती रेघांवरची टिंबं मला वाचता येत नाहीत." ती म्हणाली, "आमच्यातल्या निम्म्यांना येत नाहीत." झालं! पंक्चर निघालं आणि मी मात्र तिथेच राहिले. रस्त्यावर वाजवायला पुढे गळ्यात अडकवायची हातपेटी आणली.

ते वाजवतात ते रॅगटाइम. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचं अमेरिकेतल्या काळ्या वादकांचं संगीत. खालचा ठेका एकदम सरळ, शाळेत निघालेल्या गुणी मुलासारखा. आणि वरची चाल मात्र ठेक्यावर कधी येतच नाही. थोडी आधी येते, नाहीतर थोडी मागून येते, पण हरवत नाही. पहिल्या दिवशी ऐकलं आणि मी कान टवकारले. हे मी आधी ऐकलंय, असं वाटत राहिलं. कुठे, ते तेव्हा आठवेना.

बँड चाळीसेक वर्षांपूर्वीचा. गे लोकांनी हक्कांसाठी रस्त्यावर यायचं म्हणजे शिव्या खायच्या, वेळेला अंड्यांचा मारा. तेव्हा पाचजणांनी ठरवलं, वाजवत जायचं. हॉर्स्ट, आमचा ट्रम्पेटवाला, त्या पाचांतला. तो सांगतो, "माणसाचा पाय ठेका धरायला लागला की त्याला शिवी नीट देता येत नाही. करून बघ." मी घरी करून बघितलं. खरं आहे.

त्यांचे दोन रिवाज तेव्हापासूनचे. एक म्हणजे सगळ्यांत हळू जो चालतो, त्याच्या चालीनं बँड चालणार. पहिल्याच वर्षी पाचांतला एकजण एड्सनं खंगलेला होता. त्याला मागे ठेवायचं नाही आणि गाडीतही बसवायचं नाही म्हणून सगळे त्याच्या पावलानं चालले आणि संगीतही त्याच पावलानं वाजलं. हल्ली हळू चालणारा म्हणजे क्लॉस, हॉर्स्टचा नवरा. त्याचे गुडघे गेलेत. म्हाताऱ्यांची ती चाकांची ढकलगाडी, रोलाटोर, ती घेऊन तो चालतो आणि तिच्यावरच आम्ही मोठा ढोल बांधतो. ढकलत ढकलत बडवतो. काय ऐट असते म्हणून सांगू!

दुसरा रिवाज नावांचा. निघायच्या आधी गोल उभं राहायचं आणि प्रत्येकानं एकेक नाव मोठ्यानं घ्यायचं. ज्याच्यासाठी आज चालतोय, त्याचं. सगळ्यांनी ते परत म्हणायचं. फक्त पहिलं नाव. कारण त्या काळात आडनाव भलत्याच्या कानावर गेलं की नोकरी जायची, घर जायचं. माझी पाळी आली की मी हात हलवायची, "मी आपली साथीला." कोणी आग्रह केला नाही.

इथं एक कबूल करते. हॉर्स्ट माझ्या वडिलांच्या वयाचा. त्याला 'अरे हॉर्स्ट' म्हणायला मला वर्ष लागलं. घरी इराला, माझ्या मुलीला, मी विचारलं, "त्यांना आदरानं हेर अमुक म्हणू का गं?" तर ती मोबाइलवरून मान वर न करता जर्मनमध्ये म्हणाली, "मामा, असं केलंस तर त्याला वाटेल तू चिडलीयस." ठीक आहे बाई. जीभ दाबून 'हॉर्स्ट' म्हणायला शिकले.

तर तो उन्हाळा. बाजारात पांढऱ्या श्पार्गेलचे शेवटचे ढीग होते, म्हणजे शतावरीचे कोंब, इथले लोक त्यांच्यासाठी वेडे होतात. लिंडन नुकती फुललेली. मिरवणुकीला पाच आठवडे. गुरुवारची तालीम. आमच्या मुख्य तुकड्याच्या शेवटी ट्रम्पेट वर चढतो आणि तिथे एक सूर लांब धरून ठेवतो. तो हॉर्स्टचा सूर. चाळीस वर्षं तोच लावतो. त्या हिवाळ्यात त्यानं दातांची कवळी बसवली होती आणि कवळी आली की ओठांची पकड जाते. पहिल्यांदा सूर फुटला. दुसऱ्यांदा नुसती हवा आली. तिसऱ्यांदा त्यानं प्रयत्नच केला नाही. ट्रम्पेट पुसला, पेटीत ठेवला, कडी लावली.

"आल्झो, तर मग," तो म्हणाला, "माझं झालं. यंदा दुसरं कोणी बघा."

क्लॉसनं ढोलाची काठी खाली ठेवली. उटे म्हणाली, तेवढा सूर क्लॅरिनेट घेईल. हॉर्स्ट म्हणाला, "मग मी शेजारी उभा राहून काय करू? फुलदाणी होऊ?"

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, चक्क मराठीतून, "अहो, मग सा खाली घ्या ना!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी माझ्या मोडक्या जर्मनमध्ये समजावलं. सगळा तुकडाच खालून वाजवू. काळी दोनवरून निघतो तो पांढरी एकवरून निघू. चाल तीच, हॉर्स्टचा सूरही तोच, फक्त तीन पट्ट्या खाली. उटे चष्म्यावरून बघत म्हणाली, "पण हे त्या स्वरात लिहिलेलं आहे."

"लिहिलंय तर लिहिलंय! लिहिणारा येणारे का वाजवायला?"

मला खरंच कळेना यात एवढं काय आहे. गाणारा म्हातारा झाला की पेटीवाला पट्टी उतरवतो, आमच्याकडे ही काय चर्चा करायची गोष्ट आहे? पण इथं कागद बदलायचे म्हणजे प्रत्येकाचा कागद नव्यानं लिहायचा, बोटं बदलायची. क्लॅरिनेटवाल्यांनी तोंड वाकडं केलं. विषय पुढच्या गुरुवारच्या अजेंड्यावर गेला. जर्मन माणूस क्रांतीसुद्धा करेल, पण आधी अजेंड्यावर घेईल आणि मग तिचं प्रोटोकोल, म्हणजे इतिवृत्त, लिहील. पुढच्या गुरुवारी मतदान झालं. सगळे हात वर. एक सोडून. हॉर्स्ट म्हणाला, "मला सवलत नको."

मला असा राग आला! म्हटलं, ही सवलत नाही, ही रीत आहे. आमच्या सरांनी शिकवलेली.

आणि तेव्हा मला आठवलं, रॅगटाइम मी आधी कुठे ऐकलं होतं ते.

कराडला आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक दुमजली घर होतं. खाली देशमाने काकांचा टायपिंग क्लास, वर गद्रे सरांचा पेटीचा. लाकडी जिना, त्यावर चपलांचा ढीग. खाली दहा-बारा मशिनं एका लयीत टकटक टकटक चालायची, ओळ संपली की टिंग. वर आमचे अलंकार त्या टकटकीच्या मधेच कुठेतरी पडायचे. सर कधी खाली ओरडले नाहीत की आवाज कमी करा. उलट म्हणायचे, "ठेका फुकट मिळतोय, घ्या." चार वाजता काका स्टीलच्या दोन पेल्यांतून चहा घेऊन वर यायचे. सर वाजवता वाजवता एका हातानं पेला घ्यायचे आणि काका तिथेच जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून चहा संपेपर्यंत ऐकायचे. आम्हां मुलांना त्यात काही वेगळं वाटायचं नाही.

एकदा एक म्हातारे कीर्तनकार बुवा सरांकडे आले. दुसऱ्या दिवशी देवळात उभे राहायचे होते आणि आवाज चढेना. तालमीला बसले. पहिल्या अभंगालाच धाप लागली. सरांनी मधल्या वेळात गप्पा मारता मारता पट्टी दोन घरं खाली आणली, बुवांना न सांगता. बुवा सुटले! डोळे मिटून गायले. नंतर मी विचारलं, तर सर म्हणाले, "अगं, ते जिना चढून वर आले. आता गाण्यातही चढायला लावू का त्यांना?"

मी दहावीत गेले त्या वर्षी कुणाच्या तरी हळदीकुंकवात कुणीतरी काहीतरी बोललं. 'ते दोघं.' एवढे दोनच शब्द. महिन्याभरात जिन्यावरचा चपलांचा ढीग ओसरला. आई म्हणाली, "दहावीचं वर्ष आहे, पेटी पुरे आता." मला कारण माहीत होतं. मी विचारलं नाही, भांडले नाही, सरांना सांगायलाही गेले नाही. एकदा शाळेतून येताना सर गॅलरीत उभे होते. वरून म्हणाले, "काय गं, बरी आहेस ना?" मी ऐकू न आल्यासारखं केलं. मान खाली घातली आणि भराभर चालत गेले. पस्तीस वर्षं झाली. ती गॅलरी माझ्या डोक्यातून जात नाही.

हे सगळं मी वर्कशॉपच्या मागच्या खोलीत, हॉर्स्ट आणि क्लॉससमोर बसून सांगितलं. बाकीचे निघून गेले होते. शब्द सापडत नव्हते, रडूही येत होतं. सांगून झाल्यावर हॉर्स्टनं विचारलं, "म्हणजे तुझे शिक्षक एकटे नव्हते."

"नाही. त्यांचे एक मित्र होते, टायपिंग क्लासवाले."

"मित्र," क्लॉस म्हणाला. "गेनाऊ, अगदी बरोबर. मीही चाळीस वर्षं हॉर्स्टचा मित्रच होतो."

मग हॉर्स्टनं ट्रम्पेटची पेटी उघडली. अस्तराखालून एक घडी घातलेला कागद काढून दाखवला. तो एकवीस वर्षांचा असताना त्याला कोर्टात उभं केलं होतं, शिक्षा झाली होती. गुन्हा म्हणजे हा समोर बसलेला क्लॉस. पन्नास वर्षांनी सरकारनं ती शिक्षा रद्द केली, त्याचा तो कागद. "घरात फाइलमध्ये ठेवला असता," तो म्हणाला, "पण मला तो सूर लावताना जवळ लागतो." तेव्हा मला कळलं की तो एक सूर सोडणं त्याला का जमत नव्हतं.

"तुझ्या शिक्षकांचं नाव काय?" त्यानं विचारलं.

"गद्रे सर."

"पहिलं नाव."

मला माहीत नव्हतं! सहा वर्षं ज्यांच्याकडे शिकले, त्यांचं पहिलं नाव मला माहीत नव्हतं. आपल्याकडे सरांना नाव असतं का? सर म्हणजे सर. पाटीवर 'द. रा. गद्रे' लिहिलेलं होतं, त्यातल्या 'द'चा पुढे काय विस्तार आहे हे विचारायचं कधी सुचलंही नाही.

हॉर्स्टनं तो कागद परत अस्तराखाली ठेवला. मग म्हणाला, "मी तुझ्या शिक्षकांच्या रीतीनं वाजवीन, खालून. पण त्या दिवशी गोलात उभं राहून तू त्यांचं नाव घ्यायचं. नाव नाही आणलंस, तर ट्रम्पेट नाही."

आता आली का पंचाईत! घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे शांतपणे म्हणाले, "मग विचार की. कराडला फोन लागतो अजून." शाळेतली मैत्रीण आहे तिथे, तिच्याकडून कळलं, सर जाऊन बरीच वर्षं झाली. देशमाने काका आहेत, त्याच घरात, पंच्याऐंशीच्या घरात. तिनं नंबर दिला. तो नंबर मी आठ दिवस फ्रिजवर चिकटवून ठेवला आणि रोज दूध काढताना त्याच्याकडे बघितलं. तोवर उटेनं नवे कागद लिहूनही टाकले होते. शेवटी एका शनिवारी सकाळी लावला.

"कोण?" आवाज बारीक झाला होता, पण तोच.

"काका, मी... तुम्हाला आठवणार नाही, सरांकडे पेटीला यायची. कोपऱ्यावरच्या कुलकर्ण्यांची—"

"दोन वेण्यांची? भूप छान वाजवणारी?"

मी रडायलाच लागले. मग कसंबसं सांगितलं. बँड, मिरवणूक, कुणाची मिरवणूक तेही, न अडखळता. आणि नावांचा रिवाज. काका ऐकत होते. शेवटी म्हटलं, "काका, सरांचं नाव काय हो?"

तिकडे पंखा फिरल्याचा आवाज येत होता.

"दत्तात्रय," काका म्हणाले. "कागदावर. घरात मी दत्तू म्हणायचो. बाहेर आपलं 'अहो सर'."

"मी दत्तात्रय म्हणेन."

"ते तुझ्या जर्मन लोकांना येईल का? दत्तूच म्हण."

"अहो काका, मी सरांना दत्तू कशी म्हणू?"

"मी सांगतोय ना, म्हण. माझ्यानं तर रस्त्यात कधी म्हणवलं नाही."

मग मी ते सांगून टाकलं. गॅलरीचं. "काका, मी ऐकलं होतं त्या दिवशी. ऐकू न आल्याचं सोंग केलं मी."

"माहीत होतं त्यांना," काका म्हणाले. "आत आले आणि मला म्हणाले, ऐकलं हो तिनं. कानाची पक्की आहे ती."

मला फोन खाली ठेवावासा वाटेना. काकांनाही वाटत नसावा. पंखा ऐकत राहिलो दोघं.

कृतज्ञता हा शब्द मला भाषणातला वाटायचा, हार घालताना म्हणायचा. त्या सकाळी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिले, तेव्हा दुसरा शब्द सापडेना. सरांनी मला शिकवलेलं कुठे पोचलं होतं बघा. आणि ज्या माणसांसाठी मला तेव्हा मान वर करता आली नाही, तशाच माणसांनी मला कोपऱ्यातली पेटी पुसून दिली होती, कुठलाही दाखला न मागता.

गणपतीत इथल्या मराठी मंडळातल्या एकीनं विचारलंच नंतर, "तू म्हणे त्या लोकांच्या बँडमध्ये आहेस?" म्हटलं, "हो, पेटीला. येतेस का, झांज वाजवायला माणूस हवंय." ती मोदकांकडे वळली.

पण ते नंतर. मिरवणुकीच्या दिवशी ऊन रणरणत होतं. ह्यांनी पेटी सायकलच्या ट्रेलरमधून स्टेशनपर्यंत आणली, मिरवणूक तिथूनच निघणार होती. इरा आधी 'पाइनलिश, मामा' म्हणजे 'लाज आणतेस' असं म्हणत होती, ती शेवटी पट्टा बांधायला आली आणि मग गेलीच नाही. आम्ही गोल उभे राहिलो. मी फोन पेटीवर ठेवला होता, काका लाइनवर होते. कराडला दुपारचे साडेतीन वाजले असतील, म्हणजे चहाची वेळ होत आलेली. एकेक नाव येत होतं. हॉर्स्टनं त्या पहिल्या वर्षीच्या आजारी मित्राचं घेतलं. उटेनं कुणा एका मुलीचं घेतलं. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी हात हलवला नाही.

सरांचं पांढरं धोतर दिसत होतं, गॅलरीचा कठडा दिसत होता. हॉर्स्टचा हात ट्रम्पेटच्या पेटीच्या कडीवर होता, अजून न उघडलेल्या. मी मान वर केली आणि जितकं मोठ्यानं येईल तितक्या मोठ्यानं म्हटलं, "दत्तू!"

"दत्तू!" तीस जर्मन गळे एकदम. क्लॉसनं ढोलावर दोन ठोके दिले.

हॉर्स्टनं कडी उघडली. तो सूर त्यानं त्या दिवशी लावला, पांढरी एकवरून, खालून, आणि इतका लांब धरला की क्लॉस ढोल बडवायचा थांबून त्याच्याकडे बघत राहिला. यंदा हॉर्स्ट एक्क्याऐंशीचा झालाय. गेल्या गुरुवारी उटेनं तालीम सुरू करताना विचारलं, "आजचा सा कुठला?" 'सा' हा शब्द आता प्रोटोकोलमध्ये असतो. आम्ही खालच्या काळी पाचवर आलोय.

पण मी सांगत होते त्या दिवसाचं. बँड हलला, क्लॉसच्या पावलानं. मी पेटीचा भाता ओढायला हात घातला, तर फोनमधून बारीक आवाज येत होता. कान लावला.

"काका, ऐकू आलं का?"

"आलं," काका म्हणाले. "परत एकदा म्हणायला सांग त्यांना."

मी हात वर केला. बँड थांबला.